लिगामेंटवालं कंबरेच्या मणक्यांचं मॉडेल घ्यावं का? चोपड्यातल्या एका फिजिओचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. क्लिनिकसाठी एकच मॉडेल घ्यायचं बजेट असेल ना, तर स्टँडवर लटकवलेला तो उंच पूर्ण पाठीचा कणा घेऊ नका, लिगामेंट्स, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे चिवट पट्टे, दाखवणारं कंबरेच्या तीन मणक्यांचं छोटं मॉडेल घ्या. माझ्याकडे दोन्ही आहेत, जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करते, आणि दिवसभर टेबलावर छोटंच असतं, मोठं कोपऱ्यात उभं. पाचपैकी चार स्टार. एक स्टार का कापला ते खाली सविस्तर लिहिते, कारण मॉडेलमधल्या दोन-तीन चुका अशा आहेत की माहीत नसतील तर विद्यार्थ्याला आणि पेशंटला उलटंच शिकवलं जाईल.

तर मॉडेल असं आहे. कंबरेचे मणके वरून खाली एल-१ ते एल-५ असे मोजतात, त्यातले एल-३, एल-४, एल-५ हे तीन खऱ्या मापाचे, मध्ये दोन गाद्या, दोन्ही बाजूंनी बाहेर पडणाऱ्या नसा, आणि वरून लिगामेंट्स वेगवेगळ्या रंगांत. काही चिकटवलेली, काही हुकने काढता-लावता येतात. साडेतीन हजाराच्या आसपास पडलं, पूर्ण कण्याचं मॉडेल याच्या जवळपास दुप्पट. दोन्ही ऑनलाइन मागवली, कारण जळगावला सर्जिकलच्या दुकानांत विचारलं तर साधा सांगाडा लगेच मिळतो, पण लिगामेंटवालं म्हटलं की ऑर्डर द्यावी लागेल म्हणतात. पॅकिंग चांगलं होतं, काही तुटलं-फुटलं नाही.

आता लिगामेंट्सचा एवढा आग्रह का धरते ते सांगते. आमच्याकडे पेशंट येतो तो एमआरआयची फाईल काखेत धरून, आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणतो, मॅडम, मणकामा गॅप पडी गया. त्याच्या डोक्यात चित्र काय असतं तर एकावर एक हाडं ठेवलीत, मध्ये गादी आहे, आणि जरा वाकलं की वरचं हाड खालच्यावरून घसरणार. मग तो वाकणं सोडतो, शेतात जाणं सोडतो, पट्टा बांधून खाटेवर पडून राहतो, स्नायू कमजोर होतात आणि दुखणं आणखी वाढतं. पूर्ण कण्याचं मॉडेल या भीतीत भरच घालतं, कारण त्यात मणके एका लवचिक दांडीत ओवलेले असतात, हातात घेतलं की ते चारी बाजूंना लटपटतं, माणसाच्या पाठीत असं काही लटपटत नाही हो. खऱ्या कण्यात पुढून-मागून-आतून-बाजूंनी घट्ट बांधणी आहे आणि ती बांधणीच त्या महागड्या मॉडेलमध्ये गायब असते. पेशंटला जे दाखवायचं तेच नाही.

छोट्या मॉडेलमध्ये ती बांधणी हाताला लागते. पुढच्या बाजूला अँटेरिअर लॉन्जिट्यूडिनल लिगामेंट, रुंद पांढरी पट्टी, हे त्यांनी छान केलंय. खऱ्या शरीरात ही पट्टी कवटीच्या तळापासून थेट सेक्रमपर्यंत, म्हणजे कण्याच्या तळाच्या त्रिकोणी हाडापर्यंत जाते, मणक्यांच्या पुढच्या अंगाला चिकटून, आणि आपण मागे वाकतो तेव्हा तीच ताणली जाते आणि जास्त मागे जाऊ देत नाही. कण्याच्या मुख्य लिगामेंट्समध्ये मागे वाकण्याला अडवणारं हे एकच, बाकीची बहुतेक पुढे वाकण्याला अडवतात. मॉडेल हातात धरून मागे वाकवलं की पट्टी ताणलेली दिसते, पुढे वाकवलं की सैल, पेशंटला एक शब्द न बोलता कळतं.

पोस्टेरिअर लॉन्जिट्यूडिनल मात्र चुकवलंय आणि माझा स्टार मुख्यतः इथेच गेला. हे लिगामेंट मणक्यांच्या मागच्या अंगाला, म्हणजे मज्जारज्जूच्या नळीच्या आतल्या बाजूला असतं, आणि मॉडेलमध्ये ते सरळ एकसारख्या रुंदीची पट्टी म्हणून चिकटवलंय. प्रत्यक्षात ते गादीपाशी पसरट आणि मणक्याच्या हाडापाशी अरुंद असतं, डमरू एकाखाली एक लावल्यासारखं. शिवाय गादीपाशी ते जिथे पसरतं तिथेही मधला भाग जाड आणि कडेचा पातळ. हा बारकावा दाखवला नाही तर गादी सरकल्यावर ती सहसा सरळ मागे न येता मागे-आणि-एका-बाजूला का येते हे समजावताच येत नाही. मध्ये लिगामेंट मजबूत आहे म्हणून गादी कडेने वाट काढते, आणि कडेलाच नस असते, म्हणून एकाच पायात कळ जाते. अख्खी सायटिका या एका आकारात आहे आणि कंपनीने नेमका तोच सपाट करून टाकला. मी मार्करने त्या पट्टीवर कडेचा पातळ भाग रंगवून घेतलाय, तुम्ही घेतलं तर तेवढं करा, चालतं.

आता लिगामेंटम फ्लेवम. या एका गोष्टीसाठी मी हे मॉडेल परत विकत घेईन. वरच्या मणक्याची लॅमिना (मणक्याच्या मागची हाडाची पाटी) आणि खालच्या मणक्याची लॅमिना यांना जोडणारं पिवळं लिगामेंट, आणि यांनी ते खरोखर ताणलं जाणाऱ्या मटेरिअलचं बनवलंय, ओढलं की लांब होतं आणि सोडलं की जागेवर. शरीरातही तसंच आहे, बाकीची लिगामेंट्स मुख्यतः कोलॅजनची, म्हणजे न ताणणाऱ्या तंतूंची, आणि फ्लेवममध्ये जवळपास ८० टक्के इलास्टिन, म्हणजे रबरासारखे ताणणारे तंतू. पिवळा रंग त्याचाच. आपण सरळ उभे असतो तेव्हाही ते थोडं ताणलेलंच असतं, त्यामुळे मागे वाकलं तरी त्याची घडी होऊन नळीत घुसत नाही. तरुणपणी. वय झालं की इलास्टिन कमी होत जातं, लिगामेंट जाड होतं, गादीची उंची कमी झालेली असते, आणि मग ते आतल्या बाजूला फुगून नसांची जागा खातं.

आमच्या गल्लीतले एक आबा आहेत, सत्तरीच्या पुढचे. स्टँडपासून बाजारात चालत निघाले की थोड्याच अंतरात दोन्ही पाय जड, पोटऱ्यांत पेटके, मग ओट्यावर बसायचं, बसले की दोन मिनिटांत बरं, परत उठून चालायचं. पण तेच आबा सायकलवर मळ्यात जाऊन येतात, काही होत नाही. घरच्यांना वाटायचं चालायचा कंटाळा करतात. मी मॉडेल त्यांच्या हातात दिलं, मागे वाकवायला लावलं आणि अंगठ्याने पिवळी पट्टी आत दाबून दाखवली की बघा, सरळ उभं राहून चालता तेव्हा ही इथे आत येते आणि नसा आवळते, सायकलवर पुढे झुकता तेव्हा पट्टी ताणून सपाट होते, जागा मोकळी. त्यांनी दोन-तीनदा स्वतः वाकवून बघितलं, नळीत बोट घालून बघितलं, मग म्हणाले, म्हणजे हाडं सरकेल नहीत? नाही आबा, सरकेल नहीत. आते ध्यानमा उनं, म्हणाले. त्यांच्या मुलाने त्याच दिवशी रिपोर्ट घेऊन स्पाइनच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. लंबर कॅनाल स्टेनोसिस, म्हणजे कंबरेतली नसांची नळी अरुंद होणं, हे नाव त्या फाईलवर आधीपासून छापलेलं होतं, समजावून कोणी सांगितलं नव्हतं.

सुप्रास्पायनस आणि इंटरस्पायनस ही मागची दोन. मणक्याचे काटे पाठीवर हाताला लागतात ना, त्यांच्या टोकांवरून जाणारं सुप्रास्पायनस, दोन काट्यांच्या मधलं इंटरस्पायनस. मॉडेलमध्ये सुप्रास्पायनसची जाड दोरी थेट एल-५ च्याही खाली नेलीय, ही दुसरी चूक. बहुतेक लोकांत ते एल-४ पर्यंतच असतं, त्याच्या खाली पाठीची जाड फॅशिया (स्नायूंवरचं चिवट आवरण) आणि स्नायूंची बांधणी काम करते. फिजिओच्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवा, व्हायव्हात विचारतात.

ही मागची लिगामेंट्स मला सगळ्यात जास्त लागतात ती कापूस वेचणीच्या दिवसांत. दसरा-दिवाळीपासून पुढे बायका सकाळी शेतात जातात, कंबरेला ओटी बांधून वाकून वाकून वेचणी चालते, आणि संध्याकाळी क्लिनिकमध्ये कंबर धरून. आता यातलं शास्त्र बघा. पूर्ण पुढे वाकलं की पाठीचे स्नायू जवळजवळ शांत होतात, त्यांच्या विजेच्या नोंदीत हे स्पष्ट दिसतं, आणि भार मागच्या लिगामेंट्सवर आणि गादीवर जातो. लिगामेंटवर बराच वेळ ताण राहिला की ते हळूहळू लांब होतं, आणि सोडल्यावर लगेच मूळ लांबीवर येत नाही, वेळ घेतं. म्हणजे तास-दीड तास वाकून वेचणी केली आणि उठल्या उठल्या कापसाचं गाठोडं डोक्यावर घेतलं तर कंबर नेमकी सगळ्यात सैल असताना तिच्यावर सगळ्यात जड काम पडतं. मॉडेल पुढे वाकवून धरून ठेवते, मागच्या पट्ट्या ताणलेल्या दाखवते, आणि सांगते की माय, गाठोडं उचलायच्या आधी सरळ उभी राहा, कंबरेवर हात ठेवून दोन-चार वेळा मागे झुक, बांधापर्यंत चालून ये, मग उचल. आणि वेचतानाही मधून मधून सरळ होत जा. एवढंच. केळीच्या कटिंगवर जाणाऱ्या पोरांनाही हेच, घड खांद्यावर घेऊन वळताना पाय वळवा, नुसती कंबर पिळू नका, कारण वाकणं आणि पिळणं एकत्र झालं की गादीच्या कडेच्या तंतूंवर वाईट ताण येतो. तोंडी सांगितलेलं लोक विसरतात, हातात धरून वाकवलेलं विसरत नाहीत.

आणखी एक उपयोग, याची मी घेताना कल्पनाच केली नव्हती. सिझर झालेल्या बायका. दर दुसरी सांगते की मॅडम, बाळाच्या वेळी कंबरेत इंजेक्शन दिलं तेव्हापासून कंबर दुखतेय. मॉडेलवर एक पातळ तार घेऊन दाखवते की सुई कुठून जाते, कातडी, मग सुप्रास्पायनस, मग इंटरस्पायनस, मग हे पिवळं फ्लेवम, मग आवरण, आणि मज्जारज्जू तर बहुतेकांत एल-१, एल-२ च्या आसपासच संपलेला असतो, सुई त्याच्या खाली देतात. सुई किती बारीक आणि लिगामेंट किती जाड ते शेजारी-शेजारी बघितलं की चेहऱ्यावरचा ताण उतरतो. सुईच्या जागी काही दिवस दुखू शकतं, पण वर्षानुवर्षं कंबर दुखण्याला ते इंजेक्शन कारण असल्याचं अभ्यासात दिसलेलं नाही. खरी कारणं जवळची आहेत, गरोदरपणात हार्मोन्समुळे लिगामेंट्स थोडी सैल पडतात, पोटाचे स्नायू ताणले गेलेले असतात, आणि नंतर दिवसरात्र बाळाला उचलणं, वाकून पाजणं, वर घरकाम सुटत नाही. यावर इलाज आहे, व्यायाम आहे, बसायची पद्धत आहे. इंजेक्शनला दोष देत बसलं की इलाज सुरूच होत नाही, म्हणून मला ही तार-सुईची दोन मिनिटं फार मोलाची वाटतात.

मॉडेलमध्ये काय नाही ते पण सांगायला हवं. पेल्व्हिस, म्हणजे ओटीपोटाभोवतीची हाडं नाहीत, त्यामुळे इलिओलंबर लिगामेंट नाही. एल-५ चा मणका सेक्रमच्या उतारावर बसलेला असतो, पुढे घसरायची त्याची प्रवृत्ती, आणि त्याला कंबरेच्या हाडाशी दोन्ही बाजूंनी बांधून ठेवायचं काम इलिओलंबर करतं. म्हातारपणी झिजेमुळे मणका पुढे सरकतो तो बहुतेक वेळा एल-४ चा, त्यामागे एल-५ ची ही बांधणी हे एक कारण धरतात. हे समजावायला मला कागदावर चित्र काढावं लागतं.

मान तर यात नाहीच, ते अपेक्षितच आहे, पण पूर्ण कण्याच्या मॉडेलमध्येही मानेची लिगामेंट्स नाहीत याचा मला राग आहे. पहिल्या मणक्याच्या कड्यात दुसऱ्या मणक्याचा खुंटा बसतो आणि त्या खुंट्याला मागून आडवं धरून ठेवतं ते ट्रान्सव्हर्स लिगामेंट, त्याच्या लगेच मागे मज्जारज्जू. जोडीला अलार लिगामेंट्स, मान जास्त वळू नये म्हणून. मान डावी-उजवी वळते त्यातलं निम्मं वळणं या एका सांध्यात होतं. आणि आपल्याकडे सलूनमध्ये दाढी झाली की हनुवटी धरून मान मोडायची पद्धत सर्रास आहे. मी सगळ्यांना हात जोडून सांगते, करून घेऊ नका. संधिवाताच्या, म्हणजे रुमॅटॉइडच्या पेशंटमध्ये हे ट्रान्सव्हर्स लिगामेंट सैल झालेलं असू शकतं, डाउन सिंड्रोमच्या मुलांमध्येही, वरून काही दिसत नाही, आणि झटका बसला तर थेट मज्जारज्जूशी खेळ. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्याही तिथूनच जातात. वरच्या दोन मणक्यांचं लिगामेंटसकट मॉडेल वेगळं मिळतं, पुढची खरेदी तीच.

तिसरी उणीव, हे मॉडेल बघून काही लोकांना वाटतं की एवढी बांधणी आहे म्हणजे व्यायामाची गरज नाही, पट्टे आहेत ना धरायला. तिथे मात्र मी थांबवते. येल विद्यापीठात काम केलेले मनोहर पंजाबी यांनी १९९२ मध्ये कण्याच्या स्थिरतेची तीन भागांची मांडणी केली, एक हाडं-गाद्या-लिगामेंट्स, दोन स्नायू, तीन मेंदू-नसांचं नियंत्रण, आणि एक कमी पडला की बाकीच्यांना भरून काढावं लागतं. प्रयोगशाळेत स्नायू काढून टाकलेला, फक्त हाडं-गाद्या-लिगामेंट्स शिल्लक असलेला कंबरेचा कणा उभा करून भार दिला तर तो सुमारे ९० न्यूटनला, म्हणजे साधारण ९ किलोलाच वाकून कोसळतो. आपण तर पन्नास किलोचं युरियाचं पोतं उचलतो. म्हणजे बाकी सगळं स्नायूंचं. लिगामेंट्स शेवटच्या टप्प्यात हालचाल अडवतात आणि शिवाय त्यांच्यात नसांची टोकं असतात, ती ताणाची खबर पाठवतात, मग स्नायू वेळेवर आवळतात. म्हणून पट्टा महिनोन्महिने बांधून ठेवण्यापेक्षा पोट-पाठीचे व्यायाम. लिगामेंट दुखावलं तर रक्तपुरवठा कमी असल्याने भरून यायला आठवडे-महिने लागतात, तेवढा धीर धरावा लागतो. साध्या एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही हेही लोकांना माहीत नसतं, एक्स-रे नॉर्मल आहे मग दुखतं कशाला, असं घरचे बोलतात आणि पेशंट बिचारा गप्प बसतो.

हे वाचून कोणी घरीच निदान करायला बसेल म्हणून लिहून ठेवते, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, बसायच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं, किंवा अपघातानंतर पाठ-मान दुखणं यात मॉडेल नको, फिजिओ नको, ताबडतोब हॉस्पिटल.

टिकाऊपणाचं बोलते. हाडं मजबूत आहेत, टेबलावरून पडलं तरी काही झालं नाही. पण आपल्या खान्देशातला मे महिना या मटेरिअलला झेपत नाही. पारा ४५ कडे गेला, दुपारी लाईट गेलेली, क्लिनिक बंद, आणि संध्याकाळी उघडलं तर फ्लेवमची पिवळी पट्टी चिकट झालेली, एका हुकाचं भोक मोठं झालेलं. आता उन्हाळ्यात ते खालच्या ड्रॉवरमध्ये सुती कापडात गुंडाळून ठेवते, आणि पट्ट्या काढून वेगळ्या ठेवते, ताणलेल्या अवस्थेत ठेवत नाही. स्पिरिटने पुसू नका, रंग जातो, साबणाचं पाणी पुरतं. कंपनीला सुट्ट्या पट्ट्यांसाठी मेल केला तर उत्तर आलं की स्पेअर पार्ट्स विकत नाही, पूर्ण मॉडेल घ्या. हे मला पटलेलं नाही. रोज वापरायची वस्तू आहे, ताणणारा भाग आधी जाणार हे बनवणाऱ्याला माहीत असतं, दोन पट्ट्या डब्यात जादा टाकायला काय जातं.

ऑर्डर देताना विक्रेत्याला तीन गोष्टी विचारून घ्या. फ्लेवम काढता येतं का आणि ताणतं का, की नुसतं पिवळं रंगवलंय, कारण स्वस्तातल्या मॉडेलमध्ये रंगच असतो आणि ते काही उपयोगाचं नाही. मणके हाताने पुढे-मागे वाकवता येतात का, की दांडीवर फिक्स आहेत. आणि पोस्टेरिअर लॉन्जिट्यूडिनलचा मागून काढलेला फोटो मागवा, गादीपाशी रुंद दिसलं तर माझ्यापेक्षा चांगलं मॉडेल तुम्हाला मिळतंय, लगेच घ्या आणि मलाही कळवा.